जर्मन कॅसेट आणि नामदेवचा संबळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता, मी न सांगितलेलं परतुरात काही शिल्लक असेल, हे मला ओळखणारा एकही माणूस मान्य करणार नाही. स्टेशनजवळ माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं — हवी ती गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायची, आणि सोबत थापा फुकट. रेल्वे माझ्या घड्याळावर चालते, हे मी खुद्द स्टेशनमास्तरला पटवत आणलं होतं. पण ही एक गोष्ट — ही जिभेवर आली की मी विषय बदलतो.

नव्वदच्या दशकातलं आहे. कोऱ्या कॅसेटी आणायला औरंगाबादला गेल्तो. एका दुकानाबाहेर टोपलीत जुना माल, त्यात ती. वर आग ओकणारा अजगर, त्याच्यावर तलवार उपसलेला गडी, आणि बँडचं नाव अशा काटेरी अक्षरात की वाचताना डोळ्यात कुसळ जावं. कोपऱ्यात बारीक अक्षरात जर्मनी. घेतली. का घेतली? अजगरासाठी.

दुकानात लावली, आणि काय सांगू! गिटारी अशा उधळल्या की समोरच्या हॉटेलात चहा आपोआप उतू गेला. गाणारा इतका वर चढला की मोंढ्यातली कबुतरं उडाली ती सेलूलाच उतरली. यातलं तीन चतुर्थांश कमी करा. तरी उरतं ते खरं — मला आनंद झाला. शब्द एक कळेना, पण दर गाण्यात कुणीतरी लढाई जिंकून घरी येत होतं.

आणि मग नामदेवनं ती ऐकली. माझा दोस्त, गोंधळ्याच्या घरचा. संबळावर त्याचा हात — इथं मला थाप मारायची गरजच नाही. त्या जर्मनाचे ढोल घोडे दौडावेत तसे चाललेले, ऐकून म्हणाला, "आरं, हे तर आपलंच हाये. फक्त लई घाईत हाये." महिनाभर रोज दुपारी येऊन तिसरं गाणं लावायचा आणि स्टुलावर बोटांनी बसवायचा. मीच त्याला चढवलं. गोंधळात वाजव म्हटलं. तो म्हणाला, "तात्या हाणतील." तात्या म्हणजे त्याचे चुलते. मी म्हटलं, "मी हाये ना!"

मी हाये ना. हेच शब्द होते. मी विसरलेलो नाही.

माझ्या बहिणीच्या दिराचं लग्न झालं आणि त्या घरी देवीचा गोंधळ घातला. दिवेलागणीला नामदेवनं संबळावर तो जर्मन वेग धरला. पोरं नाचली, म्हातारे ताठ बसले. पण बहिणीच्या सासूच्या अंगात येतं — ती घुमता घुमता मध्येच थांबली. तिला ताल सापडेना. सगळ्या पाहुण्यांसमोर आईचं येणं मोडलं! 

सकाळी माणिकतात्या दुकानात. गोंधळ्यांचा मेळ त्यांचा. मागं नामदेव, खांद्याला संबळ. कॅसेट टेपमध्येच चालू होती. मी बटण दाबलं आणि टेपला पाठ लावून उभा राहिलो.

"हे म्हणतंय, तुझ्या दुकानात शिकलं. तूच वाजव म्हणलास. खरं का रं?"

एक 'हो' म्हणायचं होतं. बहिणीला चार टोमणे बसले असते, मला त्या घरी दिवाळीपर्यंत तोंड दाखवता आलं नसतं. बस्स, एवढंच. दुसरं काय होतं?

"न्हाई तात्या," मी म्हटलं. "माझ्याकडं असलं काही न्हाई. ह्यो जालन्याच्या बँडवाल्यांत उठबस करून राह्यलाय." आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? बँडवाल्याचा पिवळा कोट सांगितला. तुटलेलं बटण सांगितलं. रंग भरला.

नामदेवनं एकदा माझ्या खांद्यावरून टेपकडे पाहिलं. दोन पावलांवर होता. हात लांबवून बटण दाबलं असतं तर अख्खी जर्मनी माझ्या पाठीमागून ओरडली असती. त्यानं हात लांबवला नाही.

तात्यांनी तिथंच त्याच्या खांद्यावरून संबळ काढून घेतला. त्यानंतर मेळात त्याच्या हाती दिवटी. दुसरा वाजवायचा, हा उजेड धरून उभा. दीडेक वर्षानं जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात लागला. अजून भेटतो, राम राम घालतो, बहिणीची खुशाली विचारतो. वाजवत नाही. विचारलं होतं मी — वाजवतोस का? "न्हाई," म्हणाला, "बोटं जड झाली."

कॅसेट माझ्याकडे आहे. लावतो कधीमधी. चांगलीच आहे ती अजून, खोटं कशाला बोलू? तिसरं गाणं आलं की मात्र टेप पुढं सरकवतो.

तात्या पुढं वारले. आयुष्यभर मी इतकं बोललो, इतक्या लोकांशी बोललो. डोळे झाकून माझ्यावर विश्वास ठेवणारा तो एकच माणूस. आणि त्यानं तो त्याच सकाळी ठेवला.