फोन आला की हो म्हणा

मी एका माणसाला खोटं बोलायला शिकवलं, आणि पुढे तोच माणूस खरं बोलत होता तेव्हा त्याला खोटा पाडला. दोन्ही गोष्टी बँकेच्या वेळेत, गळ्यात ओळखपत्र अडकवून केल्या. टार्गेटचं दडपण होतं हे खरं. पण शेजारच्या टेबलावरची बाईही त्याच दडपणाखाली काम करत होती आणि तिनं हे केलं नाही. म्हणून ते कारण इथे एकदा लिहून बाजूला ठेवतो.

तेव्हा मी नाशिकरोडच्या एका शाखेत अधिकारी होतो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त होणारे बरेच जण आमच्याकडे येत. निवृत्तीची रक्कम खात्यात जमा झाली की आम्हाला संगणकावर दिसायची. त्या माणसाची बँकेत फेरी होण्याआधीच त्याला काय विकायचं हे ठरलेलं असे.

हे गृहस्थ कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर फिटर होते. तीस-बत्तीस वर्षांची नोकरी. केंद्राचं क्वार्टर काही महिन्यांत सोडायचं होतं. चेहेडीला एक रो-हाऊस पाहून ठेवलं होतं, बिल्डरला थोडी रक्कमही दिली होती. बांधकाम पूर्ण व्हायला दीड-दोन वर्षं होती. तेवढा काळ पैसे सुरक्षित राहावेत, मग एकदम देऊन किल्ली घ्यावी, एवढाच त्यांचा बेत. पत्नीला घेऊन आले होते.

"दोन वर्षं, साहेब. त्याच्यावर एक दिवस नाय," ते म्हणाले.

मी म्हणालो, "काका, साधी ठेव कशाला? ठेवीसारखीच एक स्कीम आहे, व्याज जास्त पडेल."

ती ठेव नव्हती. ती विमा पॉलिसी होती. दरवर्षी तेवढाच हप्ता भरायचा आणि पाच वर्षं पैशाला हात लावायचा नाही. हे मला त्यांच्यासमोर बसताना पूर्ण माहीत होतं. महिनाअखेरीला मला एक मोठी पॉलिसी कमी पडत होती.

काकूंनी विचारलं, "मधी लागले तर मिळतील ना?"

"मिळतील की."

"यांना मशीनचं लय कळतं, माणसांचं कमी," त्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "म्हणून मी विचारते."

मी हसलो. तेही हसले. फॉर्मवर जिथे सही हवी तिथे मी पेन्सिलीनं फुल्या करून ठेवल्या होत्या. उत्पन्नाच्या रकान्यात निवृत्तिवेतनाचा आकडा पुरला नसता, म्हणून मी 'शेती' असंही लिहिलं. त्यांनी ते वाचलं.

"शेती? साहेब, क्वार्टरमागं एक शेवग्याचं झाड हाय."

"तेच धरलंय," मी म्हणालो. काकूंना हसू आवरेना. असं हसतखेळत ते काम झालं, हे मला आज सगळ्यात जास्त टोचतं.

सह्या करताना ते प्रत्येक पानावर थांबत होते. म्हणाले, "आमच्याकडं सहीला लय किंमत साहेब. पट्ट्यावर चढायचं तर आधी परमिट घ्यायचं. तो कागद झाला की इलेक्ट्रिकवाला फ्यूज काढणार, स्विचवर लाल पाटी लावणार. मग चढायचं. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच सही करून परत करायचं. दुसऱ्यानं नाय, साहेबानं पण नाय. तोंडी तर अजिबातच नाय."

"तोंडी केलं तर?"

"तर कोणीतरी पट्टा चालू करतं, आणि वर माणूस असतो."

मी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं.

आता फोनचं सांगायला हवं. पॉलिसी देण्याआधी विमा कंपनीकडून ग्राहकाला पडताळणीचा फोन येतो. ग्राहकाची फसवणूक होऊ नये म्हणूनच ही सोय आहे. हा विमा आहे हे माहीत आहे का, हप्ता दरवर्षी भरायचा आहे हे माहीत आहे का, पाच वर्षं पैसे मिळणार नाहीत हे माहीत आहे का, आणि शेवटी, ही मुदत ठेव आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं का. सगळं रेकॉर्ड होतं. ग्राहक अडखळला की पॉलिसी अडकते. म्हणून आम्ही काही जण ग्राहकाची तयारी करून घ्यायचो.

पैसे भरायच्या स्लिपच्या मागे मी उत्तरं लिहिली. पहिल्या सगळ्या प्रश्नांना 'हो'. शेवटच्याला 'नाही'. मग मीच फोनवरची मुलगी झालो आणि एकदा घोकून घेतलं. शेवटच्या प्रश्नाला ते थांबले.

"पण तुम्ही तर ठेवच म्हणालात."

"प्रश्न सगळ्या स्कीमना एकच असतात, काका. तुम्हाला लागू नाहीत. पण एकाही उत्तरात फरक पडला तर फॉर्म परत जातो."

"म्हणजे खोटं बोलायचं."

"खोटं नाही. प्रोसिजर आहे."

त्या शब्दावर त्यांचा चेहरा निवळला. मी 'घाबरू नका' म्हणालो असतो, 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हणालो असतो, तर कदाचित ते उठून गेले असते. पण प्रोसिजर पाळूनच ते तीस वर्षं त्या पट्ट्यावरून धडधाकट घरी परतले होते. त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

"फोन झाला की फाडून टाका," मी म्हणालो.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "झालं साहेब. चिठ्ठी पण फाडली."

पॉलिसीची जाड इंग्रजी पुस्तिका घरी गेली. त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीतून न काढता कपाटात ठेवली. काही दिवसांत पॉलिसी परत करता येते, हे त्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

वर्षानं दुसऱ्या हप्त्याचं पत्र आलं. तोवर मला बढती मिळून मी सातपूरच्या शाखेत गेलो होतो. ते पत्र घेऊन मला शोधत दोघं तिथे आले. कारखान्यांच्या पगाराचा दिवस होता, शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. मी त्यांना आत बोलावलं नाही, काउंटरच्या टोकाशी उभ्यानंच बोललो. हप्ता भरला नाही तर पैसे पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतील, एवढं सांगितलं. जणू मलाही ते नव्यानंच कळलं होतं.

काकू म्हणाल्या, "बिल्डर थांबल का पाच वर्षं?"

मी म्हणालो, "तक्रार अर्ज देऊन बघा." मला वाटलं होतं, ते देणार नाहीत.

त्यांनी दिला. विभागीय कार्यालयात सुनावणी झाली. टेबलाच्या एका बाजूला तक्रार पाहणाऱ्या मॅडम, विमा कंपनीचा माणूस आणि मी. समोर ते दोघं. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. विमा कंपनीच्या माणसानं लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावलं. खोलीत त्यांचा आवाज घुमला. हो. हो. हो मॅडम. आणि शेवटी, मी शिकवला होता तसा ठाम, "नाही."

"आवाज तुमचाच ना?" मॅडमनी विचारलं.

"माझाच हाय. पण साहेबांनी चिठ्ठी दिली होती, तसं बोललो."

"कुठे आहे चिठ्ठी?"

"साहेब म्हणाले फाडा. फाडली."

विमा कंपनीचा माणूस हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काही लिहून दिलं होतं?"

मी "नाही" म्हणालो. तेवढाच एक शब्द. त्याच्या आधी मला विचार करायलाही वेळ लागला नाही.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते बंद झालेल्या लॅपटॉपकडे पाहत होते. काकू उठल्या. "चला, अहो. इथं पट्टा चालू हाय," असं म्हणाल्या. त्याचा अर्थ त्या खोलीत फक्त आम्हा तिघांना कळला.

निकालाच्या पत्रात एक ओळ होती: 'ग्राहकाचा दावा असत्य असल्याचे दिसून येते.' ती ओळ मी मसुद्यात वाचली होती. अजून पाठ आहे.

चेहेडीचं घर गेलं, बिल्डरला दिलेली रक्कमही पूर्ण परत मिळाली नाही. क्वार्टर सोडल्यावर सिन्नर फाट्याजवळ घेतलेल्या भाड्याच्या जागेतच ते राहिले. पाच वर्षांनी पैसे मिळाले, पण तोवर त्या पैशात त्या भागात एखादी खोलीच आली असती. हे मला जुन्या शाखेतल्या लोकांकडून कळत गेलं. मी विचारायचो, आणि ऐकून घ्यायचो.

पुढे बँकेनं मला प्रशिक्षणाच्या कामावर घेतलं. मी नव्या-जुन्या अधिकाऱ्यांना विक्रीतला प्रामाणिकपणा शिकवू लागलो. ही थट्टा नाही, विषयाचं नाव जवळपास तेच होतं. मी बरं शिकवायचो. एकदा जेवणाच्या सुट्टीत सटाण्याकडच्या एका अधिकाऱ्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला.

"सर, तुम्ही पडताळणीच्या कॉलबद्दल एवढं बोललात, पण आमच्याकडं तर छापील चिठ्ठीच आहे. झेरॉक्स काढून गठ्ठाच ठेवलाय."

मी पाहिलं. पहिल्या तिन्ही प्रश्नांना हो, शेवटच्याला नाही. खाली ठळक अक्षरात: काम झाल्यावर फाडून टाकणे. ही युक्ती एकट्या माझ्या डोक्यातून निघाली असं मी म्हणत नाही. बऱ्याच जणांनी ती आपापली शोधली असेल. पण त्या दिवशी दुपारचं सत्र मला घेता आलं नाही. डोकं दुखतं असं सांगून घरी गेलो.

पुढच्या रविवारी सिन्नर फाट्याला गेलो. पत्ता बँकेच्या नोंदीतूनच काढला होता. तेही नियमाला धरून नव्हतं.

दार काकूंनी उघडलं. मला ओळखायला त्यांना क्षणभरही लागला नाही.

"अहो, तुमचे प्रोसिजरवाले आले बघा."

काका पलंगावर बसून बॅटरीवर चालणारं घड्याळ खोलत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. मी उभ्यानंच बोलायला लागलो. माझी चूक झाली, मला झोप लागत नाही, परिस्थितीच तशी होती, वगैरे. घरून ठरवून आलेलं सगळं. ते घड्याळात डोकं घालून ऐकत होते.

काकूंनी चहा ठेवला. मी नको म्हणालो.

"घ्या. चहाचा आन् माफीचा काय संबंध नाय."

चहा संपल्यावर काका म्हणाले, "पैशाचं जाऊ द्या. ते आले, उशिरा आले. घराचं मात्र हिला लय लागलं." मग उठले आणि कपाटातून ती प्लास्टिकची पिशवी काढली. पुस्तिकेवर निकालाचं पत्र ठेवलं होतं. असत्य या शब्दाखाली निळ्या पेनाची रेघ होती. "हे माझ्या नावावर हाय. जावई आला होता तेव्हा त्यानं वाचलं. तो काय बोलला नाय. पण वाचलं."

"काका, मी खरंच माफी..."

"तोंडी नको, साहेब."

त्यांनी ते पत्र माझ्यापुढे धरलं.

"तोंडी चालत नाय. ज्यानं घेतलं त्यानंच सही करून परत करायचं. तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं मी."

काकूंनी वहीतून एक पान फाडून आणलं. मी टेकायला स्टूल ओढलं आणि लिहिलं. सवयीनं बँकेची भाषा आली. 'सदर व्यवहारात संवादाच्या अभावामुळे गैरसमज निर्माण झाला.' काकांनी चष्मा लावून वाचलं आणि पान परत दिलं.

"गैरसमज काढा. तुमचा झाला नव्हता, माझा तुम्ही करून दिला होता."

दुसरं पान. त्यात मी लिहिलं, 'माझ्याकडून पूर्ण माहिती दिली गेली नाही.'

"दिली गेली नाय म्हणजे कोणी दिली नाय?" काकूंनी विचारलं.

तिसरं पान त्यांना चाललं. काकांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आता एक झेरॉक्स बँकेत द्या, शिक्का मारून पोच आणा. नुसतं आमच्याकडं ठेवून काय करू?"

त्यांनी हे म्हटलं नसतं तर मी ते पान त्यांना देऊन, मोकळा होऊन, घरी गेलो असतो. खोटं कशाला बोलू. तेवढ्याचसाठी आलो होतो.

सोमवारी मी त्या पानाची झेरॉक्स विभागीय कार्यालयात आवक-जावक टेबलावर दिली. कारकुनानं न वाचता शिक्का मारला. पोच संध्याकाळी सिन्नर फाट्याला नेऊन दिली. काकांनी ती निकालाच्या पत्राला टाचणीनं जोडली. माझी चौकशी सुरू आहे. प्रशिक्षणाचं काम गेलं, नोकरीचं काय होईल हे अजून ठरलेलं नाही. त्या पत्रातली ओळ बदलली जाईल का, हेही मला माहीत नाही. मी विचारत असतो.

त्या पानावर, त्यांचं आणि माझं नाव वगळता, एवढंच आहे:

'मी यांना ठेव आहे असं सांगून विमा पॉलिसी विकली. ती ठेव नाही हे मला माहीत होतं. फोनवर काय उत्तरं द्यायची ते मी चिठ्ठीवर लिहून दिलं आणि चिठ्ठी फाडायला सांगितलं. सुनावणीत हे खरं बोलत होते. मी खोटं बोललो. माझ्यामुळे यांचं घर झालं नाही आणि यांना खोटं ठरवलं गेलं. मी यांची आणि यांच्या पत्नीची माफी मागतो.'