मागे वळून बघणारे ट्रस्टी

फिलोमिनाकाकूंचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या पिकअपच्या रांगेत होते. "रेमंड गेले गं," एवढंच म्हणाल्या... मागच्याने हॉर्न दिला तरी गाडी पुढे घ्यायचं मला सुचेना.

रेमंडकाका मूळचे वसईचे, इथे अमेरिकेत चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीतून रिटायर झालेले. त्यांच्याच चर्चच्या शाळेत आमची इरा जाते. आम्ही नागपूरचे, कॅथलिक नाही. एका वर्षी शाळेच्या बोर्डात टूम निघाली, की कॅथलिक नसलेल्या मुलांना पुढे जागा द्यायची नाही. इराची शाळा सुटणार म्हणून माझा जीव टांगणीला लागला. बोर्डावरचे ट्रस्टी निवडायचे चर्चच्या सभासदांनी, रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर चिठ्ठ्या टाकून. आम्हाला मत नव्हतं. काका आमच्यासाठी उभे राहिले, आणि एका मताने पडले.

त्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तर काकू फणकारल्या, "यांनी आपलं मत समोरच्याला दिलंय."

"अगं, स्वतःलाच मत कसं देणार? बरं दिसतं का ते?" काका म्हणाले.

"काका, दॅट्स लिटरली द पॉइंट," इरा म्हणाली. काका खो खो हसले. मला मात्र त्यांचा भयंकर राग आला होता.

पण ते घरी बसले नाहीत. वर्षभर प्रत्येक मीटिंगला आम्हा पालकांबरोबर मागच्या खुर्च्यांवर बसून बोलायला हात वर करत राहिले, आणि तो ठराव लांबणीवर पडत गेला. पुढच्या निवडणुकीत निवडून आले. तेव्हाही मत समोरच्यालाच दिलं होतं म्हणे. आता या माणसाला काय म्हणायचं?

ट्रस्टी झाल्यावर त्यांनी एक सवय लावून घेतली. कुठल्याही ठरावावर मत देण्याआधी ते खुर्ची वळवून मागे बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघायचे. अध्यक्षबाई आधी वैतागायच्या, मग थांबायला शिकल्या. आमच्या मुलांचा ठराव आला त्या दिवशी ते जरा जास्तच वेळ बघत राहिले... मग त्यांनी विरोधात हात वर केला. त्यांच्यामागून आणखी हात वर गेले. इराची शाळा राहिली.

परवा मीटिंगला गेले होते. काकांची फार आठवण येत होती, घरी बसवेना. ठराव साधाच होता, पार्किंगचा. अध्यक्षबाईंनी मतं मागितली आणि सवयीने जरा थांबल्या. आता कुणी वळून बघेल म्हणून मीही पदर नसताना खांद्यावरून हात फिरवला, सावरून बसले. टेबलाशी बसलेल्या सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे होत्या. मग हात वर गेले.