घर कोनत्या आंगाले?

मला भरल्या ताटावरून उठवलं. पहिला घासही तोंडात गेला नव्हता. पोळीवर तूप सोडलेलं होतं, वाटीतली कढी अजून वाफाळत होती. पाटाभोवती रांगोळी होती. काकूंनी स्वतः माझे पाय धुतले होते, पदरानं पुसले होते, कुंकू लावून मला पाटावर बसवलं होतं. आणि त्याच काकू माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "उठ बरं तू. उठ."

मला वाटलं, ताटात काही पडलं असेल. पाल वगैरे. मी ताटाकडे बघितलं. ताट चांगलं होतं.

"ताटाकडे काय पाहून राहिली? उठ म्हनलं ना."

मी उठले. माझ्या दोन्ही बाजूंच्या मुलींनी आपापल्या फ्रॉकचे घेर ओढून घेतले. वाढणाऱ्या बायका वरण-भाताची भांडी हातात घेऊन जागच्या जागी थांबल्या. समोर महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, नटूनथटून बसल्या होत्या.

हे अमरावतीत झालं. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, आणि हे घर माझ्या घरमालकांचं होतं. काकू म्हणजे घरमालकीण.

आमचं गाव अंजनगाव सुर्जीकडे. बाबा दुसऱ्याच्या पानमळ्यात रोजानं जायचे, विड्याच्या पानांचे वेल बांधायला. माय शेतात तण निंदायला, कापूस वेचायला जायची. बारावीला मला चांगले मार्क पडले आणि अमरावतीच्या कॉलेजात नंबर लागला. वसतिगृहात मात्र लागला नाही. मग बाबा आणि मी खोली शोधायला निघालो. कॉलेजच्या आसपासची भाडी ऐकून बाबा नुसते 'बरं' म्हणायचे आणि पुढे चालायला लागायचे. परवडणाऱ्या खोल्या पार शहराच्या टोकाला होत्या. तिथून दोन ऑटो बदलून यावं लागायचं, आणि संध्याकाळचं प्रॅक्टिकल सुटल्यावर तिकडे जायला ऑटो मिळत नाही असं सगळे सांगत होते. एकट्या पोरीनं कसं करावं? बाबांचा जीव त्यातच अडकला होता.

आणि मग ही खोली सापडली. कॉलेजच्या मागच्या कॉलनीत, घराच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीखाली. आधी तिथे गव्हाच्या कोठ्या ठेवायचे. खिडकी हातभर. पण भाडं आमच्या आवाक्यातलं आणि कॉलेज पायी जाण्याइतकं जवळ. काकूंनी आडनाव विचारलं. गाव विचारलं. "अंजनगावकडचे? माह्यं माहेर अंजनगावचंच. म्हंजे आपलेच," असं म्हणून त्यांनी किल्ली हातात दिली. बाबांना त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर बाबा खोटं बोलले नसते, हे मी छातीठोकपणे सांगते.

आमच्या वऱ्हाडात आडनावावरून सगळं कळत नाही. आमचंच आडनाव घ्या. गावच्या पाटलाचं तेच आणि आमच्या बौद्ध वस्तीतल्या अर्ध्या घरांचंही तेच. म्हणून जुनी, पोचलेली माणसं आडनावावर थांबत नाहीत. ती विचारतात, गावात घर कोणत्या अंगाला? गावात प्रत्येक जातीची वस्ती वेगळ्या बाजूला, त्यामुळे एवढ्या एका प्रश्नात त्यांचं काम होतं. काकू शहरात राहून तो प्रश्न विसरल्या होत्या.

त्या पंगतीपर्यंत माझे दिवस चांगले चालले होते. काकू मला लाडानं "बाई" म्हणायच्या. भाजी वाटीत घालून द्यायच्या. त्यांची मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, तिच्या आठवणी मला सांगायच्या. त्यांचे यजमान शाळेतून निवृत्त झालेले, त्यांना सगळे सर म्हणत. ते मला पेपरातले अग्रलेख वाचायला लावायचे आणि समानतेवर बोलायचे. छान बोलायचे.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी सकाळपासून त्यांच्या स्वयंपाकघरात होते. सोळा भाज्या लागतात. त्यातल्या बहुतेक मी निवडल्या, चिरल्या. पुरण वाटलं. आंबील ढवळली. दुपारी काकू म्हणाल्या, "कुमारिका म्हून तूच बस पहिल्या पंगतीले. माह्या पोरीच्या जागी." मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

पंगत बसली आणि तेवढ्यात अंजनगावहून त्यांची वहिनी आली. त्या बाईंनी पंगतीवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबल्या.

"हे पोट्टी कोनाची?"

काकूंनी कौतुकानं माझं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं.

"असं का? तुहं घर कोनत्या आंगाले, बाई? पाटलाच्या वाड्याकडे का?"

"नाई," मी म्हटलं. "विहाराच्या आंगाले."

मी सहज बोलले. घर जिथे आहे तिथे आहे. त्यानंतर जे झालं ते मी वर सांगितलंच.

मी खोलीत येऊन बसले. मला लाज वाटली. त्यांची नाही, माझी स्वतःची. जणू मीच चोरी करताना सापडले होते. हे सांगताना मला आजही राग येतो, पण खरं तेच आहे. पायांवर अजून त्यांच्या हळदीच्या पाण्याचा पिवळेपणा होता. थोड्या वेळानं कुणीतरी पत्रावळीवर जेवण आणून दाराबाहेर ठेवलं. हाक मारली नाही. मी भुकेली होते, तरी हात लावला नाही. खिडकीतून मला स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. सर एका तांब्यातून गोमूत्र शिंपडत होते. भांड्यांवर, पाटांवर, उंबऱ्यावर. मला वाटलं, आता सगळ्या भाज्या फेकतील, मी चिरलेल्या म्हणून. पण नाही. एवढ्या माणसांचा स्वयंपाक कोण फेकतो? पंगत पुन्हा बसली आणि माझ्या हातच्या भाज्या सगळे मिटक्या मारत जेवले. माझे हात चालले. मी चालले नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी फोन करून बाबांना बोलावून घेतलं. बाबा पहिल्या एसटीनं आले. पानमळ्यात जायचेच कपडे अंगावर होते. सरांनी त्यांना अंगणात खुर्ची दिली. चहाही दिला, कागदाच्या कपात. घरात काचेचे कप मी रोज बघत होते.

सर शांतपणे बोलले. "हे बघा, मी जातपात मानत नाही. आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं. मुलगी हुशार आहे, तिनं शिकलं पाहिजे. पण घरात बायकांचं असतं, देवाधर्माचं असतं. नातेवाइकांत चर्चा झाली आहे. तेव्हा मी मधला मार्ग काढलाय. खोली सोडायची गरज नाही. आज महालक्ष्म्यांचं विसर्जन आहे. त्याआधी तिनं देवीसमोर, बाहेरूनच, उंबऱ्याशी नाक घासावं. चूक झाली म्हणावं. की विषय संपला. आणि कॉलनीत कुणी विचारलं तर काही सांगू नये."

काकू दाराआड उभ्या होत्या. दोन्ही डोळे रडून सुजलेले. त्या माझ्यासाठी रडल्या की देवीसाठी, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. दोन ऑटो. अंधार. बुडालेलं वर्ष. त्यांनी कप खाली ठेवला आणि हात जोडले.

"सर, पोट्टी लहान हाय. तिच्या बदल्यात मी घासतो नाक. चालन का?"

सर म्हणाले, "चालेल. भावना महत्त्वाची."

बाबा उठले, उंबऱ्यापाशी गेले आणि गुडघे टेकवायला लागले. आयुष्यभर वेलांशी वाकून त्यांचे गुडघे गेलेले. एक हात भिंतीला लावून ते हळूहळू खाली जात होते. आणि सर वाट बघत होते. काकू वाट बघत होत्या. ती अंजनगावची वहिनी आतून मान लांब करून बघत होती.

त्या क्षणी माझ्यातलं काहीतरी तुटलं आणि काहीतरी जागं झालं. कालची सगळी लाज गेली. साफ गेली. मी धावत जाऊन बाबांच्या काखेत हात घातला.

"बाबा, उठा. मले हे खोली नाई पाहिजे."

"बाई, वर्स जाईन तुह्यं."

"जाऊ द्या. उठा तुमी."

मग मी सरांकडे वळले. तोवर त्यांच्यासमोर मी पुस्तकी बोलायचे, जपून. त्या दिवशी माझ्या तोंडून माझ्या गावची बोली आली.

"भरल्या ताटावरून म्या तुमाले नाई उठवलं, सर. तुमी मले उठवलं. मंग नाक कोनं घासाचं?"

सर म्हणाले, "हेच. ह्यांच्यासाठी कितीही करा."

मी ट्रंक भरली. त्या दुपारी आम्ही पुन्हा दारोदार फिरलो. बाबा एका वळणावर थांबून म्हणाले, "आता काई दिस सांगू नको, बाई. इचारलं तरी पाटलाकडचं सांग." मी नाही म्हटलं. बाबांना दुखवून म्हटलं. पुढच्या प्रत्येक दारी भाडं विचारण्याआधीच मी सांगून टाकायचे, आम्ही बौद्ध आहोत, चालत असेल तर खोली दाखवा. माणसांचे चेहरे कसे बदलतात ते मी त्या दिवशी नीट पाहिलं. कुणाच्या घरी अचानक पाहुणे यायचे होते, कुणाच्या पुतण्याला खोली लागणार होती. एकानं तर आमच्यासमोरच आतल्या माणसाला ओरडून विचारलं, "खोली गेली ना रे आपली?"

शेवटी शहराच्या त्याच टोकाला खोली मिळाली, जिथे जायचं नव्हतं. टिनाची. नळ दिवसाआड. घरमालकिणीनं आगाऊ भाडं मागितलं, बाकी काही विचारलं नाही. ऑटोसाठी मला संध्याकाळची प्रॅक्टिकलं अर्धी सोडून पळावं लागायचं. पहिल्या वर्षी माझा एक विषय राहिला. त्या विषयाची खंत मला अजून आहे, आणि ती कोणाच्या खात्यावर टाकायची तेही मला ठाऊक आहे. बाबा नंतर कधी त्या उंबऱ्याबद्दल बोलले नाहीत. अमरावतीला आले की ती कॉलनी टाळून, लांबच्या रस्त्यानं यायचे.

आता मी अकोल्यात ज्युनियर कॉलेजला शिकवते. जून आला की खेड्यातल्या मुली खोल्या शोधत येतात. ज्यांना हवं असेल त्यांच्याबरोबर मी जाते. यंदा बाळापूरकडची एक मुलगी आणि तिची मावशी होती. मावशीनं रस्त्यातच माझा हात धरला. "मॅडम, आंगाचं कोनी इचारलं तर तुमीच काईतरी गोलमाल सांगा."

फाटकावर पाटी होती, तारेनं बांधलेली. खोली भाड्याने देणे आहे. घरमालक बाहेर आले. मी मुलीचं नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं, आणि तिच्याकडे बघितलं. तिनं स्वतःच सांगितलं, घर कोणत्या अंगाला ते.

"अरे, ते खोली त् कालच गेली," घरमालक म्हणाले.

"बरं झालं," मी म्हटलं. "मग पाटी काढा."

"काढीन ना संध्याकाळी."

"आता काढा. किंवा खोली का देत नाही, ते आमच्या तोंडावर सांगा. दोन्हीपैकी एक करा. आम्ही थांबतो."

"उन्हात कायले थांबता, मॅडम?"

"सवय आहे."

मावशी मला ओढत होती, चला म्हणत होती. शेजारच्या गच्चीवरून दोन बायका बघायला लागल्या. मी हललेच नाही. मुलगीही हलली नाही. माझं आता ठरलं आहे. खोली नाकारणाऱ्याला मी आडून बोलू देणार नाही. पाहुणे, पुतण्या, कालच गेली, असलं काही ऐकून मान खाली घालून निघणार नाही. नाही म्हणायचं तर त्यानं ते त्याच्या तोंडानं, त्याच्या शेजाऱ्यांसमोर म्हणावं. नाहीतर बोललेलं खोटं निभावण्याची मेहनत तरी करावी. हे मी दर जूनमध्ये करणार, प्रत्येक फाटकाशी करणार.

घरमालकांनी गच्चीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग पाटीची तार सोडवायला स्टूल आणायला ते आत गेले. आम्ही फाटक धरून उभ्या राहिलो.