क्रिस्टनच्या गाडीतल्या मुंग्या

आमच्या गल्लीत गाडीवरून माणूस पारखतात, आणि त्या परीक्षेत क्रिस्टन रड कधीच पास झाली नाही. तिच्या व्हॅनमध्ये एकेकटे हातमोजे, बिस्किटांचा चुरा, सांडलेल्या ज्यूसने चिकट झालेले सीटचे पट्टे, सगळं सुखाने नांदायचं. नवरा, डेल, रविवारी थोडा उपसा करायचा. फेब्रुवारीत तो बर्फ ओढता ओढता अंगणातच कोसळला आणि गेला. वय एकोणचाळीस. मग उपसाही थांबला.

क्रिस्टन टर्की पक्ष्यांचं मांस कापायच्या कारखान्यात पहाटे पाचला हजर होते. सुट्टी फक्त गुरुवारी. आम्ही चार घरांनी मुलांना शाळेत सोडायचे वार वाटून घेतलेत, त्यात गुरुवार तिचा. बाकीचे चार दिवस तिच्या ओवेनला आम्ही सोडतो, म्हणून तिची नोकरी टिकून आहे.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि एका गुरुवारी माझी टेसा मान खाजवतच घरी आली. दप्तरात मुंग्या, डब्यात मुंग्या.

"ओवेनच्या आईच्या गाडीत केवढ्या आहेत गं! ओवेन मोजत बसतो."

बाकीच्या दोघींचे फोन आले. "तिला यातून वगळूया. जोलीन, तूच सांग, तू शेजारीण." यात तिची नोकरी जाईल हे मला कळत होतं. तरी मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर माझा दुसराही राग होता. आमच्याकडे मयताच्या घरच्यांना जो तो खायला देतो, भांड्याला नावाची पट्टी चिकटवून. ते भांडं धुऊन परत यायलाच हवं. सगळ्यांची आली, माझा काचेचा ट्रे तेवढा आला नाही. दोन महिने मी ते मनात धरून होते. लाज वाटते, पण धरून होते.

बुधवारी दुपारी गेले. क्रिस्टन कामाच्या बुटांसकट व्हॅनच्या दारात पाय सोडून बसली होती. उठायचंही त्राण नव्हतं.

"ये, माझं पशुधन बघायला आलीस?" ती म्हणाली. "व्हिनेगर मारलं, पावडर टाकली. मेल्या दाद देत नाहीत."

"येतात कुठून ते बघितलंस का?"

"डोळे उघडे राहतात तेच खूप आहे, बाई."

मी वाकून बघितलं. रांग पुढच्या सीटवर चढत होती, ड्रायव्हरशेजारच्या. तिथे डेलचा जाडजूड कोट पसरलेला होता. मी हात घातला.

"तिथे नको," ती एकदम म्हणाली. मग उठली आणि तिनेच कोट उचलला.

खाली माझा ट्रे होता. पट्टी माझ्याच अक्षरातली. लिंबाच्या वड्या जशाच्या तशा, वर मुंग्यांचं काळं पांघरूण. उरलेला हिवाळा गोठून राहिल्या म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. आणि ट्रेवरून सीटचा पट्टा नीट ओढून लावलेला.

"अंत्यविधीनंतर चर्चमधून निघताना तू हातात दिलास," क्रिस्टन म्हणाली. "सांडू नये म्हणून पट्टा लावला. घरी आल्यावर उचलवेना गं. उचलला असता तर त्याची जागा एकदम रिकामी दिसली असती. म्हणून वर कोट टाकला." तिने तोंडावरून हात फिरवला. "तुझा ट्रे ना हा? उद्या धुऊन देते हं. तू काहीतरी सांगायला आली होतीस?"

मला माझीच किळस आली.

"हो," मी म्हणाले. "उद्या गुरुवार आहे. टेसा पावणेआठला दारात उभी असेल."

मी घरून व्हॅक्यूम आणला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी गाडी घासली, ट्रे नळाखाली धरला. कोट तिने अंगणात चारदा झटकला आणि पुन्हा त्याच सीटवर ठेवला. पट्टा मी लावला.