दोन रिंगा

माझी ताई घाबरट आहे. ती कशाला घाबरते असं विचारू नका, कशाला घाबरत नाही ते विचारा, यादी लवकर संपेल. दाराला कुलूप लावून निघाली की अर्ध्या जिन्यावरून दोनदा परत येते. दात काढायला जायचं असलं की आठ दिवस आधीपासून तिला जेवण जात नाही. रस्ता ओलांडताना माझा दंड असा धरते की घरी येऊन बघावं तर पाच बोटं उठलेली. नोकरीला बावीस वर्षं झाली, तरी साहेबांच्या केबिनमधून बोलावणं आलं की अजून ती खुर्चीतून उठण्याआधी देवाचं नाव घेते. आत गेल्यावर कळतं, साहेबांना फक्त टाचण्यांची डबी हवी होती.

हे मी अधिकारानं सांगते, कारण मी तिची धाकटी बहीण. तीन वर्षांपासून तिच्याच घरी राहते आणि तिच्याच ऑफिसात, तिच्या शेजारच्या टेबलावर बसते. मी तिला चिडवते, ती मला म्हणते, "तुला मेलीला काळीजच नाही." आमचं असं बरं चाललं होतं.

आमचं ऑफिस म्हणजे गृहमंडळाचा तक्रार विभाग. मंडळाच्या इमारती शहरभर आहेत. कुणाचा नळ गळतो, कुणाच्या जिन्यातला दिवा जातो. भाडेकरू फोन करतात, आम्ही तक्रार लिहून घेतो, तिला नंबर देतो आणि मुकादमाकडे पाठवतो. मुकादमाकडे माणसं सात आणि इमारती दोनशे, तेव्हा पुढचं तुम्हीच समजून घ्या.

समोरच्या भिंतीवर पांढरा फळा आहे. त्यावर आम्हा चौघांची टेबलं आणि प्रत्येकासमोर उरलेल्या तक्रारींचा आकडा. साडेचारला साहेब बाहेर येतात, हाताची घडी घालतात आणि फळा वाचतात. ज्याचा आकडा मोठा, त्याच्याशी ते गोड बोलतात. त्यांचं गोड बोलणं फार वाईट. "बाई, तब्येत बरी आहे ना? नाही, काम झेपत नसेल तर मोकळेपणी सांगा. गोदामात जागा आहे." गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला. दीड तास जायला, दीड तास यायला, आणि तिथे दिवसभर बोलायला फक्त रंगाचे डबे.

ताईचा आकडा नेहमी सगळ्यांत मोठा. तक्रार बंद करायचे आमच्याकडे तीनच रस्ते. काम झालं, हा पहिला. इमारत आपली नाही, हा दुसरा. आणि तीन दिवस फोन केला पण संपर्क झाला नाही, हा तिसरा. आमचा विभाग चालतो तो या तिसऱ्या रस्त्यावर. तो शोधून काढला कोपऱ्यातल्या टेबलावरच्या गृहस्थांनी. त्यांना आम्ही 'झालंच समजा' म्हणतो, कारण काहीही सांगा, त्यांचं उत्तर ते एकच. फोन लावायचा, दोन रिंगा होऊ द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. दोन रिंगांत कुणी फोनपर्यंत पोचत नाही. ऑफिसच्या फोनच्या मशीनमध्ये मात्र फोन केल्याची नोंद होते. असं तीन दिवस केलं की तक्रार बंद. मी हे पहिल्याच महिन्यात शिकले. ताई बावीस वर्षं पूर्ण रिंग वाजू देत आली. मग माणूस फोन उचलायचा, आणि मग ती त्याचं सगळं ऐकून घ्यायची. त्याच्या गुडघेदुखीसकट.

त्या महिन्यात साहेब तिच्याशी सलग तीन दिवस गोड बोलले. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. मला ते बघवेना. सोमवारी सकाळी मीच तिला म्हणाले, "ताई, दोन रिंगा कर आणि मोकळी हो."

"आणि कुणाचं खरंच काही असलं तर?"

"तर करतील की परत फोन. तोंड आहे ना त्यांना?"

"करतातच हो," झालंच समजा कोपऱ्यातून म्हणाले. "बाई, तुमचा आकडा खाली आला, झालंच समजा."

सोमवार, मंगळवार, बुधवार. अकरा तक्रारी होत्या. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून ती रिंगा मोजायची आणि चटका बसल्यासारखा फोन ठेवायची. बुधवारी साडेचारला तिच्यासमोरचा आकडा दोन होता, तोही त्या तीन दिवसांत आलेल्या नव्या तक्रारींचा. साहेब नुसतं "वा" म्हणाले आणि आत गेले. घरी जाताना ताईनं रस्ता माझा दंड न धरता ओलांडला.

घरी पोचलो तर ताईच्या सासूबाई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होत्या. एक टॉवेल पलीकडच्या दोरीवर उडाला होता, म्हणून त्या कठड्यावर पोट टेकवून हात लांब करत होत्या. हे त्या रोजच करतात. ताईनं पर्स तिथेच टाकली, धावत गेली आणि त्यांना कमरेला धरून मागे ओढलं. दोघीही खाली बसल्या.

"अगं, वेड लागलं का तुला?" सासूबाई म्हणाल्या. "माझं हाड मोडलं असतं."

ताईचे ओठ पांढरे पडले होते. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "त्या अकरांत एक कठड्याची होती."

मला आधी काही कळलंच नाही.

"गॅलरीचा कठडा हलतो. चौथा मजला. म्हाताऱ्या बाई, एकट्याच राहतात. मीच लिहून घेतली होती. त्या म्हणाल्या होत्या, बाळ, जरा लवकर पाठव कुणाला तरी. आणि मी ती आज बंद केली."

भावोजी पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली केला. "कठडा हलतो म्हणजे लगेच पडतो असं थोडंच आहे? आपल्या पलंगाचा पाय दहा वर्षं हलतोय."

"पलंग चौथ्या मजल्यावरून खाली पडत नाही," ताई म्हणाली. एरवी ती त्यांना उलट बोलत नाही. भावोजींनी पेपर परत वर घेतला, पण पान काही उलटलं नाही.

त्या बाईंचा फोन नंबर तिला पाठ होता. तिनं घरूनच फोन लावला आणि वाजू दिला. रिंग संपेपर्यंत वाजली, कुणी उचललं नाही. तिनं परत लावला. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "बाजारात गेली असेल बिचारी." आठ वाजता भावोजी म्हणाले, "लेकीकडे गेल्या असतील." ताई म्हणाली, "त्यांना कुणी नाही. त्यांनी मला सांगितलंय." कारण ताईला लोक सगळं सांगतात.

जेवताना मी एकदोन विनोद करून पाहिले. खरं सांगायचं तर माझीच दोन वाक्यं माझ्या डोक्यातून जात नव्हती. तर करतील की परत फोन. तोंड आहे ना त्यांना.

सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या ताईनं पुन्हा फोन लावला. तोच प्रकार. मग ती उठली आणि न बोलावता साहेबांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, कालची एक तक्रार परत उघडायची आहे."

"बाई, बंद म्हणजे बंद. भाडेकरूनं नव्या फॉर्मवर सही करून द्यावी, नवा नंबर पडेल. काही घोटाळा झालाय का?"

"नाही," ताई म्हणाली आणि बाहेर आली. मुकादमाला फोन केला तर तो म्हणाला, "नंबर द्या, मग माणूस देतो." त्याचं तरी काय चुकलं? नियम आम्हीच त्याला सांगितलेला.

"बाई, एवढं काय मनावर घेता?" झालंच समजा म्हणाले. "काही झालं असतं तर आतापर्यंत कळलं असतं." हे वाक्य त्यांनी धीर द्यायला म्हटलं असणार. ताईनं फळ्याकडे पाहिलं, मग ड्रॉवरमधून तक्रारीचा कोरा फॉर्म काढला आणि जेवणाच्या सुट्टीची वाट बघत घड्याळासमोर बसली.

सुट्टी झाल्या झाल्या आम्ही निघालो. बसनं पाच थांबे. ताई सारखी फॉर्मची गुंडाळी करत होती आणि उलगडत होती. इमारतीपाशी उतरल्यावर मी वर बघितलं. ताईनं आधी खाली बघितलं. गॅलऱ्यांच्या खालच्या फरशीवर तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. फरशी कोणीतरी नुकतीच पाण्यानं धुतली होती. अजून ओली होती.

"कुणीतरी रोज धूत असेल," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

चार मजले. तिसऱ्यावर ताई भिंतीला टेकून थांबली. मी म्हणाले, "तू थांब इथे, मी जाते वर." तिनं मान हलवली आणि माझ्या पुढे चढू लागली.

दार बंद होतं. ताईनं टकटक केलं. काही नाही. परत केलं. आतून काहीतरी जड सरकल्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. ताईनं माझा हात पकडला.

"आजी," ती दाराशी तोंड नेऊन म्हणाली. "मी मंडळाच्या ऑफिसातून आले आहे. कठड्याचं बघायला."

आतून काठी टेकत कुणीतरी जवळ आलं. मग अगदी दाराजवळून आवाज आला, "कशावरून?"

ताईनं गळ्यातलं ओळखपत्र काढून दाराच्या फटीतून आत सरकवलं. आत चष्म्याचं घर उघडल्याचं ऐकू आलं. नंतर टेबल ओढल्याचा आवाज, एक कडी, दुसरी कडी. दार वीतभर उघडलं. आजी उभ्या होत्या, धडधाकट, हातात काठी. मला एवढं हायसं वाटलं की हसूच फुटलं. ताईला रडू फुटलं. आजी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

आत सगळ्या खिडक्या बंद होत्या, दिवसाढवळ्या दिवा लावलेला. दारापाशी जेवणाचं टेबल, त्यावर वजनाला पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या. गॅलरीचा कठडा खरंच सुटला होता. आजींनी तो कपडे वाळत घालायच्या दोरीनं तीन ठिकाणी करकचून बांधला होता. ताईनं हात लावून पाहिला, तर वरची दांडी हातभर पुढे गेली. तिनं तिथूनच, आजींच्या फोनवरून, मुकादमाला फोन केला. "सही मी घेऊन येतेय. माणूस आत्ता पाठवा. नंबर नंतर देते. नाही दिला तर माझं नाव सांगा." असं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

मग तिनं फॉर्म भरला, आजींनी सही केली. ताई उठणार तेवढ्यात आजी म्हणाल्या, "बाळ, तुम्ही तक्रारीच्याच ऑफिसातल्या ना? मग आणखी एक लिहून घेशील? ती तुमच्याकडे येते का नाही मला माहीत नाही."

"सांगा ना."

"सोमवारपासून रोज दुपारी कुणीतरी फोन करतं. दोनच रिंगा वाजतात. मी उठून जाईपर्यंत बंद. पहिल्या दिवशी वाटलं, चुकून लागला असेल. दुसऱ्या दिवशी तीच वेळ. तेव्हा माझ्या लक्षात आलं, घरात कुणी आहे का, एकटी आहे का, हे बघतंय कुणीतरी. मी दाराला टेबल लावलं. काल संध्याकाळी तर किती वेळ वाजत होता, आज सकाळीही. मी कानांवर हात ठेवून बसून होते. दूध संपलंय, पण खाली उतरायची हिंमत होत नाही." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "हे कुणाला सांगायचं असतं, मला माहीत नाही. तू लिही. कोण आहे ते शोधा म्हणावं."

ताईनं पेन उचललं. फॉर्मवर दुसरी ओळ सुरू केली, 'रोज दुपारी' एवढे दोन शब्द लिहिले आणि पेन खाली ठेवलं. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला, म्हणजे गप्प बस.

"मी होते, आजी," ती म्हणाली. "फोन मीच करत होते. तुमची तक्रार बंद करायला. तुम्ही उचलू नये म्हणून मी लवकर ठेवत होते. काल संध्याकाळचा आणि आज सकाळचाही माझाच. तो मात्र तुम्ही उचलावा म्हणून."

मला वाटलं, आता ही बाई काठी उगारणार, साहेबांचं नाव विचारणार, आणि ताई उद्यापासून गोदामात. आजींनी चष्मा वर सरकवून ताईकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे एकदम खाली आले.

"तू होतीस?" त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई. बरं झालं, तूच होतीस." आणि उठून एकेक करून खिडक्या उघडू लागल्या.

ताई तोंडात पदर धरून रडत होती. आजींनी तिला पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं.

"ही कोण?"

"माझी धाकटी बहीण," ताई म्हणाली.

"तूही तिथेच असतेस का ग?"

"हो."

"तूही करतेस असे फोन?"

दिवसाला चार-पाच तरी करते. तीन वर्षं करते आहे.

"नाही," मी म्हणाले.

ताईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती पेन उचलून फॉर्मवरची दुसरी ओळ पुरी करायला लागली. तक्रार कुणाविरुद्ध, या रकान्यात तिनं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि शेजारी माझ्यासाठी जागा सोडली.