नाथा भोईरांचं इंजिन का ओरडलं

माझे सासरे नाथा भोईर चिडले की आधी गप्प होतात, मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटतात, आणि त्यानंतर जे सुटतात ते खाडीच्या दोन्ही काठांना ऐकू जातं. मी वर्तकनगरच्या कॉलनीत वाढलेली. लग्न होऊन दिवा स्टेशनजवळच्या या आगरी घरात आले तेव्हा त्यांना चहा नेऊन द्यायलाही घाबरायचे. आता नाही घाबरत. आता मलाच त्यांच्याहून जास्त राग येतो.

त्यांच्या रागाने गेल्या वर्षी एक इंजिन खाल्लं. होडीच्या मागे लटकवतात ते पेट्रोलचं इंजिन. तापलं की त्याचा अलार्म कर्कश ओरडत सुटतो. त्या दिवशी खेकडे चांगले लागले होते, ओहोटी सुरू झाली होती आणि मध्येच ही कटकट. मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, डोकं फिरलं. त्यांनी पक्कड घेतली आणि अलार्मची वायरच तोडून टाकली. जरा वेळाने इंजिन जाम झालं आणि होडी चिखलात रुतली. माझा नवरा राकेश त्यांना शोधायला निघाला तेव्हा रडत होता, मी पाहिलंय. म्हणून नवीन इंजिन आणताना त्याने अट घातली: परत अलार्म वाजला की इंजिन विकायचं, होडी काठावर. मामांनी देवघरासमोर शब्द दिला. खाडी सुटली तर हा माणूस दिवसभर करणार काय, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

त्या रविवारी सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून खेकड्यांच्या जाळ्या उचलायला मी सोबत गेले. परतताना नव्या पुलाखाली आलो आणि अलार्म वाजला.

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. टोपी मांडीवर आपटली गेली. पण या वेळी त्यांनी पक्कड घेतली नाही, इंजिन बंद केलं.

"सूनबाई, मागची धार येत होती कं?"

हे इंजिन खाडीचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं आणि ते पाणी मागून बारीक धारेने बाहेर टाकतं. धार मी पाहिलीच नव्हती. मामांनी झाकण काढून ऑइल तपासलं, ते ठीक होतं. मग इंजिन पाण्याबाहेर उचललं. पंख्याच्या वर, पाणी आत ओढणाऱ्या जाळीवर प्लास्टिकच्या पिशवीचं फाटकं तोंड गच्च चिकटलं होतं. पिशवीत झेंडूचे हार, उदबत्त्यांची रिकामी खोकी आणि लक्ष्मीची एक तसबीर. पुण्य हवं, पण पिशवीची गाठ सोडायचेही कष्ट नकोत! मामांनी ती ओढून काढली, जाळी बोटांनी साफ केली आणि इंजिन थंड व्हायची वाट बघत बसले.

तेवढ्यात होडीशेजारी धप्पकन दुसरी पिशवी पडली. वर पाहिलं तर पुलाच्या कठड्याशी एक गृहस्थ डोळे मिटून, हात जोडून उभे.

मामा उठले. होडी खांबाला बांधली, जाळीवरची पिशवी उचलली आणि चिखलातून काठाला जाऊन थेट पुलावर चढले. मी धापा टाकत मागे. गृहस्थ अजून तिथेच होते, बायकोचा खाडीसोबत फोटो काढत.

"ही घे. तुमच्यातल्याच कोनाची तरी हाय."

"अहो, अंगावर काय येताय? कचरा नाही तो, देवाचं आहे. घरात कुणाचा पाय लागू नये म्हणून पाण्यात सोडतो आम्ही."

"पाय?" मामा इतके मोठ्याने ओरडले की मागची रिक्षा थांबली. "आरं, या पान्यान मी पोरसवदा होतो तवापासून उभा हाय! माजी बायको उभी र्‍हाते, ही सून उभी र्‍हाते. घरान तुजा पाय लागत नाय, खाडीन आमचा लागतो. रोज लागतो! ते चालतं तुला?"

गृहस्थ दोन पावलं मागे सरले. बाईंनी मात्र पुढे होऊन ती गळकी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. चिखल त्यांच्या ड्रेसवर ओघळला. दोघंही गाडीत बसून निघून गेली. एक शब्द तरी बोलायचा होता, 'चुकलं' एवढा तरी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

खाली येऊन मामांनी दोरी ओढली. इंजिन सुरू झालं, मागून धार पडली, अलार्म गप्प. इंजिनाला काहीही झालं नव्हतं. घरी सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं, आणि मी सांगणार नव्हते.

पण अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या मामाच म्हणाले, "राकेश, वाजला. मी शबूद दिलेला हाय. शोधून बोलव एकाद्या गिर्‍हाइकाला."

मग मात्र माझा तोल सुटला. राकेशला म्हटलं, विक, खुशाल विक. इंजिन चांगलं, चालवणारा चांगला, अलार्म वाजताच थांबणारा. लोकांनी देव फेकायचे आणि घरी बसायचं आपण! पुलाखाली काय झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, तो हात जोडलेला माणूस आणि त्याने काढलेला बायकोचा फोटोसुद्धा.

राकेश ऐकत राहिला. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर आपटली.

"बाबा," तो म्हणाला, "विकायचं राहू दे. त्यांच्या गाडीचा नंबर घेतलास का तू?"