एकच माल्ट, एकच हॉप आणि आमचे साडू

आमच्या साडूंइतका हट्टी माणूस अख्ख्या आयर्लंडात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याला त्यांनी वादात हरवून घरी पाठवलं असेल. जन्म पुण्याचा, मुक्काम मलिंगारचा, नोकरी सॉफ्टवेअरची. पण जीव अडकलेला घरामागच्या शेडमधल्या बियरच्या बादलीत. ही बियर ते स्वतः करतात आणि तत्त्वाने करतात: एकच माल्ट, एकच हॉप. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आणि हॉप म्हणजे एका वेलीची फुलं. बियरला कडूपणा आणि वास येतो तो त्यांचा. लोक तीन-चार जातींची फुलं सर्रास एकत्र घालतात. साडूंच्या मते हा शुद्ध पळपुटेपणा. "मिसळलं की चूक कुणाची ते कळत नाही. एकट्याला उभं करा, मग बघा!" हाच न्याय ते जेवणालाही लावतात. आमच्याकडे गॉलवेला आले की मिक्स भाजीतला वाटाणा वेगळा, फरसबी वेगळी काढून प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी घेतात. त्यांच्या गावात घरी बियर करणाऱ्यांचं एक मंडळ आहे. तिथला एक आयरिश गृहस्थ एकदा कळवळून म्हणाला, "जरा दुसरं हॉप टाकून बघ रे, ग्रँड होईल." साडू म्हणाले, "ग्रँड नकोय मला. खरी हवीय."

आता आमचे सासरे. नागपूरचे, गणिताचे निवृत्त मास्तर, आणि दारूचे असे वैरी की खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचीही बारीक अक्षरं आधी वाचणार. ते उन्हाळ्यात मलिंगारला राहायला येणार म्हटल्यावर साडूंची बायको रडली, माझी बायको रागावली, आणि मी फोन केला, "अहो, बादली आमच्याकडे आणून ठेवा. जिन्याखाली जागा आहे."

साडू भडकलेच. "मी काय चोरी करतोय? ज्या माणसाने मला मुलगी दिली, त्याच्यापासून लपून राहू? त्यांना मी नापसंत असेन तर असू दे, पण जो आहे तो मी नापसंत असायला हवा!" आणि इतके दिवस शेडमध्ये असलेली बादली त्यांनी घासूनपुसून थेट स्वयंपाकघरात आणली.

सासरे आले त्या दिवशी आम्हीही गाडी काढून मुद्दाम गेलो. मास्तरांनी हातपाय धुतले, बादली पाहिली. "जावईबापू, हे काय करून राहिले तुम्ही?"

"बियर, बाबा. उद्या नवी लावायचीय. हॉप निवडून द्या." साडूंनी वाळक्या फुलांच्या चार वाट्या पुढे मांडल्या.

"मी पीत नाही, माहीत आहे ना तुम्हाले?"

"प्यायला कुठे सांगतोय? नुसता वास घ्या. तुम्ही म्हणाल ते घालीन."

माझी बायको देवाचं नाव घेऊ लागली. मास्तरांनी एकेक फूल तळहातावर चुरून हुंगायला सुरुवात केली. एकाला संत्र्याच्या सालीचा वास होता. नागपूरकर इथेच विरघळणार याची मला खात्री होती. त्यांनी तीच वाटी आधी दूर सारली. "हे फार गोड-गोड बोलून राहिलं." शेवटच्या वाटीला ओल्या माती-पाल्याचा उग्र वास होता. तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे घ्या. कडू आहे, पण तोंडावर कडू आहे. तुमच्यासारखं."

साडूंनी वाद न घालता उरलेल्या तीन वाट्या उचलून ठेवल्या. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. फार बरं वाटलं.

बियर बाटलीत मुरायच्या आतच मास्तरांची परत जायची वेळ झाली. विमानतळावर ते साडूंना बाजूला घेऊन म्हणाले, "कशी झाली ते खरं सांगा जी." झाली ती भयंकर. मंडळातल्या लोकांनी एकेक घोट घेतला आणि हवामानाचा विषय काढला. साडूंनी नागपूरला फोन लावला, "बाबा, फारच कडू झाली हो." मास्तर मनापासून हसले. "असं काय? मग पुढच्या वेळी दुसरं निवडू."

ती पुढची वेळ काही आली नाही. मास्तरांचं हृदय थकलंय, आणि विमानप्रवासाला डॉक्टर साफ नाही म्हणतात. साडू मात्र अजून तेच हॉप घालतात आणि ती जहाल बियर एकटे पितात. परवा न राहवून मी म्हटलं, "अहो, आता तरी दुसरं एखादं घाला."

"निवड बाबांची आहे," साडू गुरकावले. "बदलायची असेल तर इथे येऊन त्यांनीच बदलावी."